समुद्राची वीज आणि सरकारचा पैसा : खान्देशातून पाहताना



आजचा विषय जाहीर झाला आणि रावेरकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आम्हाला फोन आला. केळीची बाग आहे त्याची. म्हणाला, "सर, जळगावात बसून समुद्राच्या लाटांवर बोलणार? इथे शेतात रात्री वीज कधी येते ते बघत आम्ही जागतो." आम्ही हसलो. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "सरकार त्या लाटांवर पैसा घालतं तो आमचाही आहे ना, सर? मग तो बुडाला तर?"

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इंजिनिअर नव्हे. त्यामुळे यंत्रांविषयी लागेल तेवढंच सांगू. पण "कुणाचा पैसा, कशासाठी, आणि बुडाला तर कुणाचा बुडाला" हा प्रश्न काही इंजिनिअरिंगचा नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

तापी कुठे जाते?

समुद्र आपला नाही, असं आपण म्हणतो. पण भुसावळच्या पुलाखालून जाणारी तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, ती खंबातच्या आखाताच्या तोंडाशी. या आखातात भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक जास्तीत जास्त अकरा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडावं आणि दोनदा उघडं पडावं. भारतात भरती-ओहोटीतून मिळू शकणारी वीज सरकारी आकड्यांत १२,४५५ मेगावॅट धरली जाते, आणि तिचा मोठा वाटा या खंबातच्या आखाताचा आहे. लाटांची शक्यता साधारण ४०,००० मेगावॅट सांगतात.

हे आकडे ऐकून लगेच खूश होऊ नका. "शक्यता" हा शब्द आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या फार ओळखीचा आहे. बियात झाड असतं ते शक्यतेच्या रूपात. त्याची सावली मिळत नाही. आज भारतात भरती-ओहोटीवर किंवा लाटांवर चालणारं, गावाला वीज पुरवणारं एकही मोठं केंद्र नाही. शक्यता आणि सावली यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पार करायला पैसा लागतो आणि वेळ लागतो.

समुद्रातून वीज काढायचे मुख्य मार्ग तीन. पहिला भरती-ओहोटीचा : खाडीवर बांध घालायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचं. आपल्या धरणासारखंच. फ्रान्सने रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली २४० मेगावॅटचं असं केंद्र उभारलं आणि ते आजही चालतं. दक्षिण कोरियाचं सिहवा केंद्र २०११ चं, २५४ मेगावॅटचं. दुसरा मार्ग समुद्राच्या उष्णतेचा : वरचं पाणी गरम, एक किलोमीटर खालचं थंड, त्या फरकावर यंत्र चालवायचं. आणि तिसरा लाटांचा.

लाटेचं गणित थोडं समजून घेऊ, कारण सगळी अडचण त्यात आहे. लाटेची उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट होते. ढोबळ हिशोब सांगतो. एक मीटर उंचीची, सहा सेकंदांनी येणारी लाट किनाऱ्याच्या दर मीटर रुंदीमागे तीन किलोवॅटच्या आसपास शक्ती आणते. तीन मीटर उंचीची, आठ सेकंदांनी येणारी लाट छत्तीस किलोवॅट. बारापट! आता यंत्र बांधणाऱ्याची पंचाईत बघा. त्याची कमाई होणार रोजच्या साध्या लाटांवर, पण यंत्र मजबूत करावं लागणार वादळाच्या लाटेसाठी. कमाई शेळीची आणि दावं हत्तीचं, अशी गत.

त्यात आपला कोकण किनारा पावसाळ्यात एक आणि इतर आठ महिने दुसराच. वेंगुर्ला, मालवण, रेडी, पावस, रत्नागिरी, गिर्ये ही ठिकाणं लाटांच्या विजेसाठी बरी म्हणून महाराष्ट्राच्या ऊर्जा विकास अभिकरणाने, म्हणजे 'मेडा'ने, पूर्वीच सांगून ठेवली आहेत. पण तिथेही खरा जोर जून ते सप्टेंबरचा. बाकीच्या महिन्यांत यंत्र बरंचसं नुसतं डुलत राहणार.

साक्रीच्या पठारावर काय घडलं

आता समुद्र जरा बाजूला ठेवा आणि साक्रीला चला. ब्राह्मणवेलच्या बाजूला गेलेल्यांनी पवनचक्क्यांचं ते रान पाहिलं असेल. देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांत धुळे जिल्ह्याचं नाव घेतलं जातं. हे रान आपोआप उगवलं का? वारा तर आपल्या आजोबांच्या काळीही वाहत होताच की. चक्क्या उभ्या राहिल्या त्या सरकारच्या आधारामुळे, आणि तो आधार दोन प्रकारचा होता. हा फरक आज नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला आधार यंत्रावर. पवनचक्की विकत घेणाऱ्याला आयकरात तिच्या किमतीचा पहिल्याच वर्षी १०० टक्के, आणि पुढे ८० टक्के घसारा दाखवता येत होता. ज्याचा नफा मोठा, त्याचा कर मोठा वाचायचा. म्हणून ज्यांचा विजेशी काही संबंध नाही अशा उद्योगांनीही चक्क्या घेतल्या. चक्की उभी राहिली की कर वाचला. ती किती फिरते याची चिंता मग दुय्यम.

दुसरा आधार युनिटवर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात वाऱ्याच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, आणि पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला. केंद्र सरकारने २००९ च्या अखेरीला युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहनही सुरू केलं. इथे चक्की फिरली तरच पैसा. म्हणजे पहिला आधार चक्की उभी करणाऱ्याला, दुसरा ती चालवणाऱ्याला.

याची किंमतही कुणीतरी मोजली, हे विसरू नये. साक्रीकडे काही ठिकाणी वनजमिनींवरून आणि त्या कसणाऱ्या आदिवासींच्या हक्कांवरून वाद झाले. सरकारी मदतीचा हिशोब मांडताना हा रकाना नेहमी कोरा राहतो. उद्या समुद्रात यंत्रं बसली तर तिथे जाळं टाकणाऱ्या मच्छीमाराचाही रकाना असाच कोरा राहील, जर आपण आधीच विचारलं नाही तर.

साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सौर विजेची गोष्ट तर याहून बोलकी. राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा, २०१० साली, केंद्रीय नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. लोक म्हणाले, हा वेडेपणा आहे. मे २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथे लिलावात बोली आली २ रुपये ४४ पैसे. सात वर्षांत!

मग आमचे उत्साही मित्र म्हणतात, "लाटांनाही असाच चांगला दर द्या, त्याही स्वस्त होतील." इथे आम्ही थांबा म्हणतो. सौर पट्टी ही सगळ्या जगात एकसारखी वस्तू आहे. कारखान्यात लाखोंनी बनते, आणि दर लाखामागे बनवणाऱ्याचा हात बसत जातो. पवनचक्कीचंही तसंच : तीन पाती, एक खांब, हे रूप आधीच ठरलेलं होतं. लाटेच्या यंत्राचं रूपच अजून ठरलेलं नाही. कुणी तरंगता साप करतो, कुणी डुलणारा तराफा, कुणी हवेची पेटी, कुणी धक्क्याला बांधलेले फ्लोट. ज्या वस्तूचं रूप ठरलेलं नाही तिच्या युनिटला दर देऊन काय होणार? युनिट तयार झालं तरच दर मिळणार ना? जे मूल अजून चालत नाही, त्याला शर्यतीचं बक्षीस लावण्यासारखं आहे हे.

आपल्याकडे नेमकं हेच झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की समुद्राची ऊर्जा ही नवीकरणीय ऊर्जा मानली जाईल, आणि वीज कंपन्यांवर अशी वीज घेण्याचं जे बंधन आहे त्यात ती धरता येईल. दार उघडलं, चांगलं झालं. पण त्या दारातून आत यायला कुणी तयारच नव्हतं. वारा आणि सूर्य स्वस्तात मिळत असताना वीज कंपनी लाटेच्या दारात का जाईल?

विळिंजम आणि बुडालेली नळी

आपल्या देशाने या बाबतीत काही केलंच नाही असं मात्र नाही. उलट फार लवकर केलं. केरळमध्ये तिरुअनंतपुरमजवळ विळिंजम इथे मद्रासच्या आयआयटीने १९९१ मध्ये १५० किलोवॅटचं लाटांवरचं केंद्र सुरू केलं. रचना साधी आणि सुंदर. समुद्रात काँक्रीटची एक प्रचंड पेटी उभी, खालून उघडी. लाट आली की आतलं पाणी चढतं, वरची हवा दाबली जाते आणि टर्बाइनमधून बाहेर जाते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. टर्बाइन असं की हवा आत जावो की बाहेर, ते एकाच दिशेने फिरतं. आपल्या लोहाराच्या भात्याची आठवण व्हावी असं यंत्र!

त्यावर वेगवेगळी टर्बाइनं लावून पाहिली गेली. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने त्याच विजेवर खारं पाणी गोडं करून दाखवलं. आणि २०११ च्या सुमारास ते केंद्र बंद झालं. त्याच विळिंजमला आज मोठं बंदर उभं आहे. पेटीची गोष्ट मात्र किती जणांना माहीत आहे?

दुसरी गोष्ट 'सागर शक्ती'ची. याच संस्थेने जपानच्या सागा विद्यापीठाच्या मदतीने तुतिकोरिनजवळच्या समुद्रात एक मेगावॅटचं, समुद्राच्या उष्णतेवर चालणारं तरंगतं केंद्र उभारायला घेतलं. खोलातलं थंड पाणी वर आणायला एक मीटर व्यासाची, सुमारे एक किलोमीटर लांबीची नळी हवी होती. ही नळी समुद्रात बसवतानाच हातची गेली. केंद्र कधी पूर्ण चाललंच नाही.

आता रावेरच्या आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न : पैसा बुडाला का? हिशोबाच्या वहीत बुडाला. पण पुढचं ऐका. त्याच संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर खोल समुद्राचं थंड पाणी नळीने वर आणून रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारं केंद्र सुरू केलं. २००७ मध्ये त्या 'सागर शक्ती'च्याच तराफ्यावर, चेन्नईजवळच्या समुद्रात, रोज दहा लाख लिटरचा प्रयोग करून दाखवला. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही अशी पाण्याची केंद्रं आली. खोल समुद्रात नळी कशी टिकवायची हे शिकलेले हात या कामांत होते. वीज मागायला गेले, पाणी घेऊन आले. बेटावरच्या बाईला विचारा पैसा बुडाला का.

भरती-ओहोटीत मात्र आपण यंत्रापर्यंतही पोचलो नाही. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प ठरला होता. त्याचा अंदाज गेला २३८ कोटींवर. म्हणजे एका मेगावॅटला साठ कोटींच्या वर. कच्छच्या आखातात ५० मेगावॅटचा ठरला, त्याचा अंदाज ७५० कोटी. दोन्ही खर्चापायी सोडून दिले. आमच्या मते दुर्गादुआनी सोडणं चूक नव्हतं. सरकारने प्रत्येक महाग गोष्ट करावी असं आम्ही म्हणत नाही. मात्र विळिंजमनंतर पुढचं यंत्र न करणं, ही चूक होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियमने इस्रायलच्या इको वेव्ह पॉवर या कंपनीबरोबर मुंबईत लाटांवरच्या प्रायोगिक केंद्राचा करार केला. क्षमता १०० किलोवॅट. पद्धत वेगळी आहे, प्रयोग स्वागतार्ह आहे. पण १९९१ मध्ये आपण १५० वर होतो, आणि चौतीस वर्षांनी १०० चा करार करतो आहोत, हेही ध्यानात ठेवावं. समुद्र तोच होता, आपली शिकवणी मध्येच सुटली.

अपयशाचा मालक कोण?

बाहेर काय झालं तेही थोडक्यात पाहू. स्कॉटलंडच्या सरकारने २००८ मध्ये समुद्री ऊर्जेसाठी एक कोटी पौंडांचं 'सॉल्टायर' बक्षीस लावलं. अट अशी : सलग दोन वर्षांत १० कोटी युनिट वीज काढून दाखवा. कुणालाच ते मिळालं नाही. २०१४ मध्ये 'पेलामिस' ही लाटांच्या यंत्रातली सर्वांत नावाजलेली कंपनी बुडाली. तेव्हा त्या सरकारने एक शहाणपणाचं काम केलं. 'वेव्ह एनर्जी स्कॉटलंड' नावाची सार्वजनिक संस्था काढली, बुडालेल्या कंपनीचं ज्ञान विकत घेतलं, आणि पैशाची पद्धत बदलली. आधी कागदावरची कल्पना, मग टाकीतलं लहान यंत्र, मग समुद्रातलं. प्रत्येक पायरीला पूर्ण पैसा, पण पायरी चढली नाही तर तिथेच थांबायचं, आणि काय शिकलो ते सगळ्यांना सांगायचं.

मघाशी दोन आधार सांगितले : यंत्रावर आणि युनिटवर. हा झाला तिसरा : शिकण्यावर. लाटांना आज हवा आहे तो हा.

आणि हा आधार सरकारनेच का द्यायचा? कारण शिकणं ही विचित्र वस्तू आहे. खाजगी कंपनीचं यंत्र मोडलं तर ती मोडण्याचं कारण लपवते. ते तिच्या दृष्टीने बरोबरही आहे. मग दुसरी कंपनी तीच चूक पुन्हा पैसे घालून करते. सार्वजनिक पैशाने यंत्र मोडलं तर ते कारण सगळ्यांचं होऊ शकतं. तेव्हा सरकार इथे वीज विकत घेत नाही. चूक विकत घेतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती परत विकत घ्यावी लागू नये.

हे आपल्याला नवीन नाही. पांझरेच्या काठची फडपद्धत आठवा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. बंधारा कुणा एकाच्या ऐपतीचा नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा झाला. पण फड शेकडो वर्षं टिकला तो बंधारा बांधल्यामुळे नव्हे. दरवर्षी पाट साफ करायला सगळे येत होते म्हणून टिकला. आपलं सरकारी धोरण बंधारा बांधतं, फीत कापतं, आणि पाटातला गाळ काढायला कुणी येत नाही. विळिंजमची गोष्ट आम्हाला अशीच दिसते.

मग मागायचं काय?

कुणी म्हणेल, लाटा पावसाळ्यात जोरात, तेव्हा सूर्य ढगाआड, म्हणजे जोडी चांगली जमेल. हे अर्धं खरं आहे. पावसाळ्यात आपल्या ब्राह्मणवेलचा वाराही जोरात असतोच. तेव्हा लाटांमुळे उद्या दीपनगरचा कोळसा थांबेल, अशी आशा आम्ही दाखवणार नाही. लाटांची पहिली खरी जागा आहे ती बेटांवर, जिथे वीज बोटीने आणलेल्या डिझेलवर चालते, बंदरांवर, आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करण्यात. जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या 'डीप ओशन मिशन'मध्ये समुद्रातून ऊर्जा आणि गोडं पाणी हा एक विषय आहेच. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीही केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. लाटांसाठी एवढं मागायचं कारण नाही. थोडं मागू, पण सलग मागू.

आमच्या अटी तीन. पहिली : किनाऱ्यावर एक कायमची चाचणीची जागा असावी, जिथे केबल, परवाने आणि लाटांची मोजणी तयार असेल, म्हणजे प्रत्येक नव्या यंत्राला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. दुसरी : सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने काय मोडलं आणि का मोडलं ते लिहून जाहीर केलंच पाहिजे. यश लपवा हवं तर, अपयश लपवायची मुभा नाही. तिसरी : जागा ठरवताना मच्छीमार आधी बोलावला जावा, कागद पूर्ण झाल्यावर सहीपुरता नव्हे.

आता रावेरच्या त्या विद्यार्थ्याला आमचं उत्तर. भाऊ, तू नवीन जातीची रोपं पहिल्या वर्षी सगळ्या बागेत लावतोस का? चार ओळी लावतोस. त्या चार ओळी गेल्या तर तुझा तोटा होतो, पण शेजारच्या दहा जणांना कळतं की ही जात आपल्या जमिनीला मानवत नाही. त्या चार ओळींचा खर्च गावाने मिळून उचलला, तर तो अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा चार ओळींच्या नावावर कुणी चाळीस एकराचं अनुदान उचलतो. किंवा ओळी वाळल्या हे कुणाला कळूच देत नाही. किंवा पहिल्या उन्हाळ्यातच पाणी तोडून म्हणतो, बघा, जात वाईट होती.

तो फोनवर जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग हिशोब तरी दाखवा म्हणावं त्यांना." आमचंही म्हणणं तेवढंच आहे. पैसा द्यावा, बुडाला तरी चालेल, पण कसा बुडाला याचा हिशोब रावेरच्या केळीवाल्यालाही वाचता आला पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.